नोंद ५: पाइपवर सहा खुणा

तळाशी भोक असलेल्या भांड्यातलं पाणी किती वेळात उतरतं, हे समीकरणाने काढून घड्याळाशी ताडायचं आहे. या खेपेला बादली बाद. रंगाची बादली खाली निमुळती, त्यामुळे क्षेत्रफळ उंचीप्रमाणे बदलतं आणि समीकरण उगाच लांबतं. त्याऐवजी सरळ भिंतीचा पीव्हीसी पाइप, आतला व्यास १५.२ सेंमी, नाशिकच्या सातपूर-अंबड या कारखान्यांच्या बाजूला भंगारात असा तुकडा मिळून जातो. खाली एंड कॅप (टोक बंद करणारं झाकण), तिच्या जरा वर ४ मिमीचं भोक, शेजारी पाण्याची पातळी दाखवणारी गवंड्यांची पारदर्शक लेव्हल नळी. उंची भोकाच्या मध्यापासून मोजायची, तळापासून नाही.

टोरिचेलीच्या नियमाने (भोकातून पाणी सुटण्याचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो) डीएच/डीटी = −के√एच; एच म्हणजे पाण्याची उंची सेंमीत, टी म्हणजे वेळ सेकंदांत, के हा स्थिरांक. चल वेगळे केले, म्हणजे एच एका बाजूला आणि टी दुसऱ्या बाजूला नेला, की डीएच/√एच = −के डीटी, इंटिग्रेट करून २√एच = −के टी + सी (सी हा इंटिग्रेशनचा स्थिरांक). सुरुवातीची अट इथेच घालायची: टी = ०, एच = ३६, म्हणून सी = १२ आणि √एच = ६ − के टी/२. आधी वर्ग करून शेवटी सी चिकटवणाऱ्यांचं उत्तर हमखास चुकतं. तो वर्गाच्या आतला आहे.

आता के. पाइप आणि भोक यांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर (१५.२/०.४)² = १४४४. नाशिकला जी, म्हणजे गुरुत्व त्वरण, ९७८ सेंमी/से² धरला (९८१ घेऊनही फरक हजारात दीडच), तर के = √(२ जी)/१४४४ = ०.०३०६ आणि पाइप ३९२ सेकंदांत रिकामा. घड्याळ ऐकत नाही: ३६ वरून २५ वर यायलाच १०५ सेकंद. म्हणजे के = २/१०५ = ०.०१९, हिशेबाच्या ०.६२ पट. पातळ कडेच्या भोकाला हाच आकडा अपेक्षित, कारण बाहेर पडल्यावर धार आकसते. भिंत भोकाइतकीच जाड ठेवली तर भोकाची आखूड नळी होते आणि आकडा ०.८ कडे सरकतो. म्हणून भोक बाहेरून १२ मिमीच्या बिटने खोलगट करून आतली कड पातळ ठेवली आहे. आतला बरही (भोक पाडताना कडेला उरलेला खरबरीत कंगोरा) ब्लेडने काढायचा.

गंमत खुणांची. चिकटपट्टीवर ३६, २५, १६, ९, ४, १ सेंमीला रेघा मारा. अंतरं ११, ९, ७, ५, ३, पण प्रत्येक टप्प्याला तेच १०५ सेकंद. (घटिकापात्राशी, म्हणजे पाण्यावर ठेवायच्या भोकाच्या वाटीच्या जुन्या घड्याळाशी, याची गल्लत नको, ते भरून बुडतं.) १ सेंमीखाली धार तुटून थेंब पडू लागतात, तिथली मोजणी सोडून द्या.

सूत्राने पाइप ६३० सेकंदांना रिकामा. त्याच सूत्रात ७३५ घातले तर एच = १, म्हणजे पाइप आपोआप भरू लागला! चूक आपलीच: √एच ने भागताना एच = ० हे उत्तर हातचं गेलं. ६३० नंतर तेच जोडायचं. आणि अट ‘आत्ता एच = ०’ एवढीच असेल, तर मागचं उत्तर एकच निघत नाही: पाइप पाच मिनिटांपूर्वी रिकामा झाला की काल, हे कोरड्या पाइपकडे बघून सांगता येत नाही.