आभाळाचा सातबारा

सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, आकार असतो, विहीर असते, आंब्याची कलमं असतात, सोसायटीचा बोजा असतो. आभाळ तेवढं नसतं. जमीन घेताना माती हातात घेऊन बघतात, पाणी बघतात, रस्ता बघतात. वर बघायचं कोणाच्या मनात येत नाही. उपग्रहाचं इंटरनेट घ्यायचं ठरलं की मात्र आपल्या वाट्याला आभाळ नेमकं किती आलंय, हे पहिल्यांदा मोजावं लागतं. आणि ते बहुतेक वेळा अपेक्षेपेक्षा कमीच निघतं.

अमेरिकेच्या ईशान्येचं व्हरमाँट राज्य यासाठी चांगलं उदाहरण. राज्याचा पाऊण भाग जंगल. कच्च्या रस्त्यावर मैलभराने एखादं घर, त्यापुढे पुन्हा झाडी. एका घरासाठी खांबाखांबांवरून वायर ओढत न्यायची कोणाची तयारी नसते. मग उरतं ते वरून येणारं इंटरनेट, आणि वर झाडं.

उपग्रह म्हटलं की आपल्याला टीव्हीची छत्री आठवते. कौलांवर चढलेला पोरगा ती केसभर हलवतो आणि आतून कोणीतरी ओरडत असतं, ‘आलं... गेलं... आता आलं!’ रत्नागिरीकडच्या घरावरची छत्री दक्षिण-आग्नेयेला, साठ-पासष्ट अंश वर, एकाच बिंदूवर डोळा लावून बसते. तो उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर पृथ्वीच्याच गतीने फिरतो, म्हणून आपल्या लेखी जागचा हलत नाही. दोन माडांमधून त्या दिशेला एक फट मिळाली की काम झालं.

इंटरनेटही अशा स्थिर उपग्रहांवरून मिळतं. पण हाक वर जाऊन खाली यायची, आणि तिला आलेली ओ पुन्हा वर जाऊन खाली. प्रकाशाच्या वेगानेसुद्धा यातच अर्धा सेकंद जातो. व्हिडिओ कॉलवर दोघं एकदम बोलतात, मग दोघं एकदम थांबतात, मग पुन्हा दोघं एकदम ‘बोल, बोल’ म्हणतात.

एलॉन मस्कच्या स्पेसएक्स कंपनीच्या स्टारलिंक या इंटरनेट सेवेने हे अंतर कापलं. उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर आणले आणि अर्ध्या सेकंदाचे पंचवीस-पन्नास मिलिसेकंद झाले. फक्त इतक्या खालचा उपग्रह एका जागी थांबत नाही. दीड तासात पृथ्वीची फेरी मारतो, आपल्या डोक्यावरून काही मिनिटांत निघून जातो. दर पंधरा सेकंदांनी कोणत्या उपग्रहाशी बोलायचं ते नव्याने ठरतं. छतावरचा ॲन्टेना म्हणजे जेवायच्या पाटाएवढी पांढरी फळी, ५९ बाय ३८ सेंटिमीटर, वजन तीन किलोच्या आत. ती जागची हलत नाही. लहरींची शलाका आतल्या आत इलेक्ट्रॉनिक्सने वळते. तिला एक फट पुरत नाही. ११० अंशांचं उघडं आभाळ लागतं.

शिवाय उपग्रहांची गर्दी ५३ अक्षांशाच्या आसपास जास्त आणि व्हरमाँट ४४ वर, म्हणून स्टारलिंकचं ॲप फळी उत्तरेकडे कलती करायला सांगतं. जुन्या छत्रीसाठी ज्याने दक्षिणेची झाडं पाडली, तो आता उत्तरेच्या पाईनकडे बघत उभा राहतो.

सामान मागवण्याआधी मोजणी करून घ्यावी. फोनवरचं ॲप कॅमेरा उघडतं. जिथे ॲन्टेना बसवायचा तिथेच, त्याच उंचीवर उभं राहून फोन चहूकडे फिरवायचा. अंगणात उभं राहून छताचा अंदाज बांधणं हा नेहमीचा गाढवपणा. शेवटी एक घुमट दिसतो, मोकळं ते निळं, अडलेलं ते लाल. ॲन्टेना बसल्यावर तो स्वतःही अर्धा दिवस घेऊन असाच नकाशा बनवतो, आणि खरा मानायचा तो हाच. अडथळा एक टक्का दिसला की माणूस खूश होतो. पण तो एक टक्का एकगठ्ठा येत नाही, तो दर काही मिनिटांनी सेकंद-दोन सेकंदांचा येतो. सिनेमा चालू राहतो, कारण पुढचं थोडं आधीच भरून ठेवलेलं असतं. नोकरीच्या मुलाखतीत मात्र समोरच्याचं तोंड उघडं ते उघडंच राहतं.

मोजणी कोणत्या महिन्यात केली, यालाही महत्त्व आहे. जानेवारीत मेपल आणि ओक निष्पर्ण असतात, ॲप सगळं निळं दाखवतं. मे महिन्यात पानं फुटतात, आणि ओली पानं या लहरी अडवण्यात फांद्यांपेक्षा कितीतरी पटाईत. मग राऊटर बंद-चालू करण्याचे विधी सुरू होतात. दोष राऊटरचा नसतो, वसंताचा असतो.

गणित शाळेतलं आहे. क्षितिजापासून पंचवीस अंशांच्या वर मोकळं हवं असं धरलं, तर फळीपेक्षा अठरा मीटर उंच पाईन किमान एकोणचाळीस मीटर लांब पाहिजे. फळी तीन मीटर वर नेली की ही मर्यादा साडेसहा मीटरने कमी होते. म्हणजे खांब हा झाड तोडण्यापेक्षा स्वस्त उपाय. पण तिथे जमीन चार-पाच फूट खोलवर गोठते. वरवर रोवलेला खांब बर्फ फुगलं की उचलला जातो, तिरका होतो, आणि ॲप दिशा चुकल्याची तक्रार करायला लागतं. छतावर बसवायचं तर टोकाच्या त्रिकोणी भिंतीवर, वाशात स्क्रू धरून. पत्र्याच्या उताराच्या मध्ये नको. फळी स्वतःवरचं बर्फ तापून वितळवते, पण वरच्या पत्र्यावरून एकगठ्ठा घसरत येणारं बर्फ तिला सोबत घेऊन जातं.

केबलकडे लोक शेवटी बघतात आणि बिघाड तिथूनच सुरू होतो. पेटीत येते ती पंधरा मीटरची. भिंतीचं भोक प्लगच्या जाडीचं पाडावं, आतून बाहेर उतरतं. नाहीतर पावसाचं पाणी केबलवरून चालत घरात येतं. बाहेरच्या बाजूला केबलला पागोळी गळेल असा झोल द्यावा, भोक सिलिकॉनने भरावं. फळीच्या मागे प्लग पूर्ण सपाट होईपर्यंत दाबायचा. अर्धा मिलिमीटर बाहेर राहिला तरी आत ओल शिरते, आतल्या धातूच्या पट्ट्या गंजतात, आणि महिन्या-दोन महिन्यांनी विनाकारण वेग पडल्यासारखं वाटतं. जमिनीवरून जाणारी केबल पाईपमध्ये घालावी. उंदीर, खारी आणि गवत कापायचं यंत्र, तिघांनाही ती सारखीच आवडते.

वीज हे दुसरं परावलंबन. फळी आणि राऊटर मिळून ७५ ते १०० वॉट चोवीस तास, म्हणजे रोजचे दोन युनिट. बर्फाच्या वादळात तारा तुटल्या की ५०० वॉट-अवरची बॅटरी पाच तास ओढते. जिथे मोबाइलला रेंज नाही तिथे फोनही वायफायवरूनच लागतो, तेव्हा आणीबाणीच्या ९११ साठी फोनमध्ये घराचा पत्ता नोंदवणं विसरू नये. आणि जुनी तांब्याच्या तारेची फोनलाइन असेल तर ती तोडू नये. तिची वीज तिकडून, एक्स्चेंजमधून येते. सगळं व्यवस्थित असूनही कधी बंद पडतंच. २४ जुलै २०२५ ला स्टारलिंकच्या मुख्य नेटवर्कमधलं सॉफ्टवेअर कोसळलं आणि जगभर अडीचेक तास शांतता होती. त्या वेळी छतावर चढून केबल ओढून बघणाऱ्यांची कीव येते.

महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकशी इरादापत्र केलं. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव ही नावं त्यात पुढे आहेत. कोकणात ही फळी कधी आली तर व्हरमाँटचे ठोकताळे थोडे बदलावे लागतील. खांब जांभ्यात पक्का बसेल, गोठण्याची भीती नाही. स्क्रू मात्र स्टेनलेसचेच, खाऱ्या हवेत साधे दोन पावसाळ्यांत गळून पडतील. आषाढातली सर जोर धरली की काही मिनिटं जातील, बारा गिगाहर्ट्झच्या लहरींना पाण्याचे थेंब शोषून घेतात, त्यावर इलाज नाही. केबल केलट्यांच्या, म्हणजे माकडांच्या, हाताला लागणार नाही अशी न्यावी. आणि माडाला पानगळ नसते, तेव्हा वर्षात कधीही मोजलं तरी चालेल. फक्त वारा पडलेला असताना घेतलेल्या मोजणीवर भिस्त ठेवू नये. झावळ चांगली चार-पाच मीटर लांब असते, वाऱ्यावर झुलते. नकाशात माडाचा जेवढा लाल डाग दिसेल, त्याच्या दोन्ही अंगांना आणखी वीतभर लाल आपणच धरून चालावं.