उसवताना जिवावर येत नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला वर्षातून दहा-बारा वेळा तरी येतो, आणि ठरलेल्या क्षणीच येतो. मी सुई काढून घेतलेली असते, टाके उघडे पडलेले असतात, लोकरीचं टोक ओढलं की सर्रसर्र ओळीमागून ओळ निघत असते. शेजारी बसलेलं माणूस, ओळखीचं असो की गाडीतलं अनोळखी, पुढे झुकून म्हणतं, "अहो, अहो! एवढं विणलेलं उसवताना जिवावर येत नाही का तुमच्या?"

येतं. पहिल्या दोन ओळींपुरतं. नंतर हाताला लय सापडते आणि खरं सांगायचं तर मजाच येते. पण हे उत्तर कुणाला पटत नाही, म्हणून जरा सविस्तर.

मागच्या थंडीतली गोष्ट घ्या. नवऱ्यासाठी स्वेटर सुरू केला होता. छातीचा घेर 100 सेंमी हवा होता. नमुन्याची छोटी चौकट विणली, पट्टी लावली, 10 सेंमीत 22 टाके भरले, म्हणजे घेराला 220. सोपा गुणाकार. चूक एकच केली: चौकट धुतली नाही. ती विणायला पाऊण तास लागतो आणि धुऊन वाळवायला अख्खी रात्र, आणि मला त्याच संध्याकाळी सुरुवात करायची होती. लोकर पाण्यात गेली की मोकळी होते, फुलते, वीण सैल पडते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. नव्या माणसाला मीच ते बजावून सांगते.

काखेपर्यंत पोचले, 38 सेंमी झालं, आणि मनात पाल चुकचुकली. ती चौकट सुयांच्या डब्यात तशीच पडली होती. पाण्यात घातली, टॉवेलात दाबली, सकाळी वाळल्यावर मोजली. 10 सेंमीत 20 टाके. म्हणजे 220 टाक्यांचा घेर 110 सेंमी होणार. स्वेटर नव्हे, तंबू. नवरा म्हणाला, "असू दे गं, सैलच बरा वाटतो." हे तो प्रेमानं म्हणाला की उसवण्याचा तमाशा टाळायला, कोण जाणे.

हिशेब केला. साधारण 110 ओळी, प्रत्येकीत 220 टाके, म्हणजे 24,200. माझा वेग मिनिटाला तीसेक टाक्यांचा, तेव्हा साडेतेरा तासांचं काम. ते उसवायला किती लागले? पंचवीस मिनिटं, तीही लेक मध्येमध्ये गुंडा सोडून पळत होती म्हणून.

आता जिवावर का येत नाही ते. विणकामात चूक झाली की तुम्ही चुकीपर्यंतच मागे जाता. तिच्या खालचं सगळं शाबूत राहतं. (या स्वेटरात चूक पहिल्याच ओळीत होती, ते सोडा.) इंग्रजीत विणणाऱ्यांकडे यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. सुई काढून सरळ ओढत सुटणं म्हणजे 'फ्रॉगिंग', कारण 'रिप इट, रिप इट' (म्हणजे 'उसव, उसव') म्हटलं की बेडूक ओरडल्यासारखं वाटतं. आणि एकेक टाका जपून मागे घेणं म्हणजे 'टिंक', विणणं या अर्थाच्या इंग्रजी 'निट'ची (knit) अक्षरं उलटी लावून (tink). आपल्याकडे दोन्हीला उसवणंच, पण हातांना फरक कळतो. जाळीची वीण असेल तर मी दर दहा ओळींनी सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा शिवणाचा दोरा ओवून ठेवते. वर काहीही घोळ झाला तरी उसवणं त्या दोऱ्यावर येऊन थांबतं. एक टाका सुटला तर तेवढंही करावं लागत नाही. सुटलेलं घर शिडीसारखं खाली उतरतं, ते क्रोशाच्या सुईनं पायरी-पायरीनं वर आणायचं. लोकरीत त्याला घाई नसते, तिच्या तंतूवरच्या बारीक खवल्यांमुळे ती एकमेकींना धरून राहते. रेशमी किंवा गुळगुळीत सुती धाग्यात मात्र डोळ्यांदेखत चार ओळी खाली.

उसवलेली लोकर बघितली आहे? नूडल्ससारखी कुरळी निघते. तशीच विणली तर वीण ओबडधोबड दिसते. मी ती खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लड करते, चार ठिकाणी सैल बांधते, कोमट पाण्यात अर्धा तास बुडवते आणि सावलीत टांगते. वाळली की सरळ. कारण साधं आहे. लोकर आणि आपले केस एकाच घराण्यातले, दोन्ही केराटिन नावाच्या प्रथिनाचे. तंतूच्या आतले हायड्रोजन बंध पाण्यानं सुटतात आणि वाळताना ज्या आकारात असतील तिथे पुन्हा जुळतात. ओल्या केसांची वेणी घालून झोपलं की सकाळी केस नागमोडी होतात ना, तेच. लोकर आधीचा आकार धरून ठेवते, पण पाणी लागलं की सोडून देते.

ही काटकसर माझी नव्हे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये 1 जून 1941 पासून कपड्यांवर रेशनिंग आलं, ते 1949 पर्यंत चाललं. तेव्हा जुने स्वेटर उसवून त्याच लोकरीचे नवे विणणं ही घराघरातली गोष्ट होती. मोठ्या माणसाच्या स्वेटरातून दोन मुलांचे निघायचे. त्या बायकांना कुणी 'जिवावर येत नाही का' असं विचारलं असेल असं वाटत नाही.

पण विणकामातही न उसवणारी चूक असते, आणि ती मी केलेली आहे. एक स्वेटर गरम पाण्याच्या चक्रात मशीनमध्ये गेला. उष्णता, साबण आणि घुसळण एकत्र आली की ते खवले एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. बाहेर निघाला तो जाड, कडक आणि लेकीच्या बाहुलीला घट्ट होईल एवढा. टोक शोधलं, ओढलं. टोक हातात तुटून आलं. त्याचे आज गरम पातेल्याखाली ठेवायचे चार चौकोन आहेत. उत्तम आहेत. तरी दर वेळी पातेलं ठेवताना बाहीवरची नक्षी दिसते.

स्वयंपाकात म्हणून मी वेगळी बाई असते. तिथे मागे फिरायची वाट नसते, फार तर आडवाट असते. रश्शात मीठ जास्त पडलं की बटाटा टाका म्हणणारे पुष्कळ भेटतात. बटाटा मीठ वेचून पीत नाही, तो खारट पाणीच पितो. उरलेलं पाणी होतं तितकंच खारट राहतं. खरा उपाय एकच, पाणी आणि भाजी वाढवायची आणि दोन दिवस तेच खायचं. तळाला लागलं तर ढवळायचं नाही. इथे नव्वद टक्के लोक घाबरून डाव घालतात आणि जळका वास अख्ख्या पातेल्यात पसरवतात. गॅस बंद करायचा, वरचं वर दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायचं, तळ खरवडायचा नाही. झालं. पावाचं पीठ जास्त फुगून बसकण मारायला लागलं तर दाबून पुन्हा गोळा करता येतं, पुन्हा फुगतं. स्वयंपाकातला हा एकच प्रकार मला खऱ्या अर्थानं उसवण्यासारखा वाटतो.

आणि अंडं. अंड्यातला पांढरा भाग साधारण 60 ते 65 अंशांच्या दरम्यान घट्ट व्हायला लागतो. प्रथिनांच्या घड्या उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि गुंता कायमचा. निदान 2015 पर्यंत सगळे असंच म्हणायचे. त्या वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी उकडलेल्या पांढऱ्या भागातलं एक प्रथिन परत मूळ आकारात आणून दाखवलं. आधी युरियात विरघळवायचं, मग वेगानं फिरणाऱ्या नळीत पातळ थरात घुसळून त्याच्या घड्या पुन्हा घालायच्या. त्याला इग नोबेलही मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते गमतीचं पारितोषिक. मी ही बातमी घरी वाचून दाखवली तेव्हा लेकीनं विचारलं, "मग ते अंडं पुन्हा खाता येईल?" युरियातलं? नाही.

एका बाबतीत मात्र मी स्वयंपाकघरात अजिबात प्रयोग करत नाही. राजम्यासारख्या लाल बिया. कच्च्या किंवा अर्ध्याकच्च्या राहिल्या तर त्यातल्या लेक्टिन नावाच्या विषारी प्रथिनामुळे काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, चार-पाच दाणेही पुरतात. रात्रभर भिजवायच्या, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळायच्या आणि मग मऊ होईपर्यंत शिजवायच्या. मंद आचेवर तासन् तास ठेवणाऱ्या भांड्यात थेट टाकणं सगळ्यात वाईट, कारण उकळीच येत नाही. पोटात गेलेलं उसवता येत नाही.

रविवारी आम्ही डोंगरात जातो. तिथल्या उसवण्याबद्दल घरात अजून एकमत नाही.

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 साली एक ठोकताळा सांगितला होता: दर तीन मैलांना एक तास, आणि दर 2,000 फूट चढाईला आणखी एक. आपल्या मापात 5 किलोमीटरला तास आणि 600 मीटर चढाला तास. त्या दिवशी जाऊन-येऊन 12 किलोमीटर होते, चढ 600 मीटर. म्हणजे तीन तास चोवीस मिनिटं. पण नेस्मिथच्या बरोबर नऊ वर्षांची, दर ओढ्यात दगड टाकणारी मुलगी नव्हती, आणि त्याच्या हिशेबात विश्रांती नाही. मी त्यावर अर्धा वेळ आणखी चढवते: पाच तास. आठला निघालो, दोन-अडीचला खाली पोचायलाच हवं होतं, म्हणून घरीच ठरवलं की साडेअकराला जिथे असू तिथून वळायचं.

साडेअकराला आम्ही शेवटच्या खांद्यावर होतो. समोर माथा, वीस मिनिटांवर. आभाळ निरभ्र, पाय ताजे, डब्यातली अंडी आणि पाव शिल्लक. मी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "वळू या."

नवऱ्यानं माथ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "वीस मिनिटं, अगं."

"वर वीस. मग फोटो, मग डबा, मग खाली पंधरा. तास गेला."

लेक काही बोलली नाही. खाली उतरताना, गुडघे कुरकुरायला लागल्यावर, तिनं विचारलं, "आई, पुढच्या वेळी इथूनच सुरू करता येईल?"

नाही येणार. आणि उसवण्याशी याचं जमत नाही ते इथेच. स्वेटर काखेपर्यंत उसवला तर खालचा भाग तुमचाच राहतो. डोंगर मात्र प्रत्येक वेळी पायथ्यापासून मोजायचा. मधे ओवून ठेवायला दोरा नाही. तिला मी एवढंच म्हटलं की पुढच्या वेळी आपण साडेसहाला निघू, आणि तिनं जो चेहरा केला त्यावरून ती पुढची वेळ लवकर येईल असं वाटत नाही.

मला इथे सोयीचं झालं असतं की दुपारी ढग भरून आले, वीज चमकली आणि सगळ्यांनी माझे आभार मानले. काहीही झालं नाही. संध्याकाळपर्यंत आभाळ लख्ख होतं. पावणेदोनलाच खाली पोचलो, वाहन यायला तासभर होता, आणि त्या तासात मी मोज्याची टाच वळवली. दोघं आठवडाभर तो माथा मला ऐकवत होते. तरीही मी वळलेच असते. ठरलेली वेळ घरच्या टेबलावर, थंड डोक्यानं ठरवलेली असते. खांद्यावर उभं राहिल्यावर माथा डोक्यात गेलेला असतो आणि तिथली मी भरवशाची नाही. साडेअकरानंतर पावणेबारा चालत असेल, तर बारालाही चालतं. न धुतलेल्या चौकटीची तीच कथा होती, 'आत्ता सुरुवात करू, पुढचं पुढे.'

तेव्हा जिवावर येतं का? लोकरीचं येत नाही. मिठाचं येतं, दोन दिवस. माथ्याचं अजून येतं, खोटं कशाला बोलू.

स्वेटर परवा रात्री पुन्हा काखेपर्यंत आला, या वेळी 200 टाक्यांवर. लेक शेजारी बसून मोठ्यानं मोजत होती, मी सुईवर बोट सरकवत होते.

"एकशे नव्व्याण्णव, दोनशे," ती म्हणाली. "दोनशे एक."

पुन्हा मोजले. दोनशे एक.

तिनं न विचारता गुंडा मांडीवर घेतला.