तांबूला निरोप देताना

आमचा कुत्रा तांबू २०१० च्या पावसाळ्यात साताऱ्याच्या आमच्या घराच्या पायरीवर कुडकुडत बसलेला सापडला, आणि २०२४ च्या माघात त्याच घराच्या पडवीत त्याने शेवटचा श्वास घेतला.

शेवटच्या वर्षी त्याचे पाणी पिणे वाढले आणि रात्री दोन-दोनदा त्याला बाहेर न्यावे लागू लागले, तेव्हा आम्ही ते म्हातारपण समजलो. ज्या दवाखान्यात प्रथम नेले तिथेही ‘वय झालंय’ एवढेच सांगून आम्हाला परत पाठवण्यात आले. दोन महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासले, तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने रक्तातून गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ, ५.८ निघाले. कुत्र्यांमध्ये ते साधारण १.४ च्या आत असावे लागते, आणि ५ च्या वर गेले की मूत्रपिंडाच्या आजाराची चौथी, म्हणजे शेवटची पायरी मानतात. मूत्रपिंडाचे निम्म्याहून बरेच अधिक काम थांबेपर्यंत बाहेरून फारसे काही दिसत नाही, हे मला त्या दिवशी कळले. ज्यांच्या घरी म्हातारे कुत्रे आहे, त्यांनी वाढलेली तहान वयाच्या खाती टाकू नये, एवढे मी कळकळीने सांगेन.

डॉक्टरांनी मला घरीच सलाईन द्यायला शिकवले. खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत धरून उचलायची, तिच्या मुळाशी सुई घालायची आणि रिंगर लॅक्टेट या सलाईनची बाटली खिडकीच्या गजाला सुतळीने टांगायची. थोड्या वेळात पाठीवर मऊ उशीसारखा फुगवटा येई, आणि तो हळूहळू पुढच्या पायाकडे ओघळत सकाळपर्यंत जिरून जाई. पहिल्या दिवशी माझा हात इतका थरथरला की सुई कातडीच्या आरपार गेली आणि सलाईन त्याच्या केसांतून फरशीवर ठिबकत राहिले. तांबू मात्र हलला नाही, माझ्या मांडीवर हनुवटी टेकून पडून राहिला. या सलाईनने आम्हाला अकरा आठवडे दिले, आणि त्यातले सात खरोखर चांगले होते.

मग त्याच्या तोंडात व्रण आले आणि दुधात कुस्करलेली भाकरीही तो नुसती हुंगून तोंड फिरवू लागला. अमेरिकेतील पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी अशा वेळेसाठी एक मोजपट्टी तयार केली आहे. वेदना, भूक, शरीरातले पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर जगणे सुसह्य मानायचे. मी रोज रात्री वहीत आकडे मांडत असे. सलग सहा दिवस बेरीज तिशीच्या खाली आली, तरी मी डॉक्टरांना फोन केला नाही. ते सहा दिवस मी स्वतःसाठी घेतले, आणि त्याची किंमत त्याने मोजली, हे मला आजही सलते. शेवटी आईच म्हणाली, “त्याला उठवत नाही गं आता. किती दिवस उचलून उभं करायचं आपण?”

डॉक्टर सकाळी घरी आले. “ताई, डोळे उघडेच राहतील, आणि हृदय थांबल्यावरही एखादा श्वास घेतल्यासारखा वाटेल, घाबरू नका,” असे त्यांनी आधीच सांगितल्याचा मला फार आधार झाला. पहिल्या इंजेक्शनने तांबूला गाढ झोप लागली. आमचे कुलदैवत खंडोबा असल्यामुळे आईने देव्हाऱ्यातला जेजुरीचा भंडारा त्याच्या कपाळाला लावला, आणि मग पुढच्या पायाच्या शिरेतून भुलीच्या औषधाची मोठी मात्रा दिली गेली. दोन मिनिटेही लागली नाहीत.

पुण्याहून आलेल्या भावाने शेतात, विहिरीपासून दूर, छातीइतका खोल खड्डा खणला. औषध शरीरात राहते, त्यामुळे इतर जनावरांनी तो उकरता कामा नये, असे डॉक्टरांनी बजावले होते.

“कुत्रंच होतं, दुसरं आणा,” असे सांगणारे भेटले. त्यांच्याशी मी वाद घातला नाही, पण कित्येक आठवडे रात्री दोन वाजता मला आपोआप जाग येई आणि मी दाराची कडी काढायला उठत असे. खिडकीच्या गजाची सुतळी तशीच राहिली. दिवाळीच्या साफसफाईत आईने तिची गाठ सोडायला हात घातला, क्षणभर थांबली, आणि सुतळी बाजूला धरून तिने खिडकी पुसून घेतली.