सीडर सिटीचा घोडा आणि ड्रिग्ज मास्तर

लास व्हेगसहून ब्राइस कॅन्यनला जाणारी आपली मंडळी सीडर सिटीत थांबतात ती गॅस (म्हणजे पेट्रोल) भरायला, आम्हीपण तेच करणार होतो, पण काकांना (रिटायर्ड झेडपी शिक्षक) पाय मोकळे करायचे होते म्हणून सदर्न युटा युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसमध्ये शिरलो. तिथे ओल्ड सॉरेल नावाच्या घोड्याचं स्मारक आहे. आपल्याकडे घोडा पुतळ्यात येतो तो महाराजांच्या खाली, इथे मान खुद्द घोड्याचा!

गोष्ट अशी की 1897 ला इथे शिक्षक घडवणारी शाळा सुरू झाली (तीच पुढे ही युनिव्हर्सिटी), तीही चर्चच्या हॉलमध्ये. मग सरकारी कायदेपंडित म्हणाले, शाळेच्या स्वतःच्या जागेवर इमारत पाहिजे, आणि ती सुद्धा पुढच्या सप्टेंबरच्या आत, नाहीतर शाळा गेली. तर हे गावकरी 1898 च्या जानेवारीत, ऐन बर्फात, डोंगरात लाकूड तोडायला गेले. वाट बंद झाली की ओल्ड सॉरेलला पुढे सोडायचे. तो बर्फाच्या ढिगावर अंग टाकायचा, दमला की कुत्र्यासारखा मागच्या पायांवर बसायचा, आणि जरा दम खाऊन परत उठून धडक. त्यातून उभी राहिलेली ओल्ड मेन इमारत आजही आहे.

काका म्हणाले, "घोड्याचं ठीक आहे रे, मास्तर कोण होते?"

पहिले शिक्षक फक्त चार, त्यातले एक हॉवर्ड ड्रिग्ज, तेव्हा विशीतले. जन्म 1873, युटातल्याच प्लेझंट ग्रोव्हचा. पुढे युनिव्हर्सिटी ऑफ युटा, मग थेट न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत प्रोफेसर. पण मला आवडलं ते त्यांचं दुसरं काम. बैलगाड्यांनी पश्चिमेकडे आलेली पिढी संपत चालली होती, आणि हे मास्तर त्या म्हाताऱ्यांना गाठून त्यांच्या आठवणी शाळेतल्या मुलांना वाचता येतील अशा पुस्तकांत आणत होते. निक विल्सन लहानपणी घरातून पळून शोशोनी या तिथल्या मूळ रहिवाशांत राहिलेला, त्याचं पुस्तक 1919 ला आलं. एझ्रा मीकर 1852 ला ऑरेगन ट्रेलने, म्हणजे पश्चिमेकडे जाणाऱ्या बैलगाड्यांच्या वाटेने, आले होते आणि 1906 मध्ये, पंचाहत्तरीत, लोकांनी तो रस्ता विसरू नये म्हणून बैलगाडी घेऊन उलटे पूर्वेकडे निघाले! त्यांच्या पुस्तकाचं संपादनही ड्रिग्जचंच. 1928 ला मीकर गेल्यावर ट्रेलची स्मारकं उभारणाऱ्या संस्थेचं अध्यक्षपद ड्रिग्जकडे आलं आणि 1930 ला वायोमिंगमध्ये, जिथे गाडीवाल्यांनी दगडावर नावं कोरून ठेवलीत त्या इंडिपेंडन्स रॉकपाशी, मोठा सोहळा झाला.

आता खटकतं ते पण सांगते. हा सगळा इतिहास गाडीत बसून आलेल्यांच्या बाजूचा. शोशोनी काय, सीडर सिटीच्या आसपासचे पायूट काय, त्यांची जमीन गेली हे त्यात ओघात येतं, आणि विल्सनच्या पुस्तकात शोशोनींच्या घरातलं जेवणखाण, भांडणं, माया भरपूर आहे तरी बोलणारा शेवटी गोराच. पण ते लिहून ठेवलं म्हणून आज निदान भांडता तरी येतं.

ड्रिग्जचे कागदपत्र याच युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत आहेत. आम्हाला ब्राइसला अंधाराच्या आत पोचायचं होतं म्हणून आत गेलो नाही, तुम्ही जमलं तर वेळ काढा. विल्सन आणि मीकरची पुस्तकं जुनी असल्याने नेटवर फुकट मिळतात, काकांनी तर गाडीतच फोनवर सुरू केली आणि ब्राइसपर्यंत खिडकीबाहेर बघितलं नाही.