चार वर्षं कमी पडली

फौजेत क्लार्क होतो, त्यामुळे फौजी कागद वाचता येतात. आता इंदुरात माजी सैनिकांचे, त्यांच्या विधवांचे अर्ज भरून देतो.

जुन्या इंदुरातून एक काकू आल्या. वय 73, पापड लाटून भागवतात. पिशवीत पतीचं डिस्चार्ज बुक, कडा दोऱ्यानं शिवलेल्या. पती महार रेजिमेंटमध्ये शिपाई होते. आई अंथरुणाला खिळली म्हणून अकरा वर्षांनी स्वतःहून घरी आले. जवानाच्या पेन्शनला 15 वर्षं सेवा लागते. ती भरली नाही की ग्रॅच्युइटी घ्यायची आणि विषय संपला, मागे बायकोलाही काही नाही. गल्लीत मात्र सगळे धरून चालले होते, फौजीची बायको म्हणजे पेन्शन असणारच.

अशांसाठी संरक्षणमंत्र्यांच्या माजी सैनिक कल्याण निधीतून अनुदान मिळतं, आम्ही त्याला पेन्युरी म्हणतो. वय 65च्या पुढे, पतीचा हुद्दा हवालदारापर्यंत, पेन्शन नको. महिना 4000 होते, नोव्हेंबर 2025पासून 8000 झाले.

अर्ज परत आला. डिस्चार्ज बुकात काकूंचं सासरचं नाव, आधार नि पासबुकावर माहेरचं. शेरा होता, 'स्त्री वेगळी दिसते.' मराठी घरांत लग्नात मुलीचं नाव बदलतात, हे विचारायलाही कुणाला फुरसत नव्हती. नुसतं शपथपत्र जोडलं असतं तर पुन्हा परत आलं असतं. लग्नाची नोंद करताना युनिट पार्ट टू ऑर्डर काढतं, तीच सागर गावी असलेल्या महार रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसातून मागवली. त्यातली पत्नीची जन्मतारीख आधारशी तंतोतंत जुळली. मग ऑर्डर वर, शपथपत्र खाली, अशी फाइल लावून दिल्लीला पाठवली. ही फाइल आता कुणी परत करून दाखवावी.

तरी मन शांत नाही. काकू 65च्या झाल्या तेव्हाच कुणी सांगितलं असतं, तर जुन्या दरानंही आजवर पावणेचार लाखांवर रक्कम हाती आली असती. सैनिकाची नोंद सरकारकडे, विधवेचं वय सरकारकडे, आणि शोधत यायचं तिनं! हे मला पटत नाही.

निघताना काकूंनी विचारलं, "भाऊ, माझी जाऊपण अशीच आहे. भाऊजींनी नऊ वर्षांनी फौज सोडली होती. तिला मिळेल का?"

"वय काय त्यांचं?"

"त्रेसष्ट."

"दोन वर्षं थांबावं लागेल, काकू. पण डिस्चार्ज बुक आत्ताच घेऊन या, नाव तपासून ठेवतो."