पंच मारायचा राहिला

निवृत्तीला आठ महिने उरले होते तेव्हाची गोष्ट. स्टेशनसमोरच्या चौथऱ्यावर उभं असलेलं वाफेचं इंजिन घासूनपुसून, रंगवून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कुणी मोठे पाहुणे यायचे होते, मुदत बारा दिवसांची. आमच्यात वाफेवर हात काळे केलेला मीच शेवटचा उरलो होतो. १९८५ साली शेडमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून लागलो, फिटर झालो आणि थोड्याच वर्षांत वाफ संपली. पुढची सगळी नोकरी डिझेलच्या तेलात गेली.

इंजिन डब्ल्यूजी जातीचं. शेडमध्ये इंजिनाला नंबराच्या शेवटच्या दोन आकड्यांनी हाक मारायची रीत होती, म्हणून इथेही मी त्याला सत्तेचाळीसच म्हणतो. मी लागलो तेव्हा ते आमच्याच शेडमध्ये होतं.

सोबत दोन अप्रेंटिस दिले होते, एक मुलगा आणि एक मुलगी. चौथऱ्यावर आल्यापासून दर दोन-तीन वर्षांनी कुणी ना कुणी जुन्या रंगावरच नवा रंग फासला होता. चाकं एकमेकांना जोडणाऱ्या साइड रॉडवर तर रंगाची साय धरली होती, नखाने ओढली तर पापुद्रा निघेल अशी. पाचव्या दिवशी सकाळी मुलगी डाव्या बाजूला वायर ब्रश मारत होती. तिने हाक मारली, "सर, इथे दुसराच नंबर आहे."

जाऊन पाहिलं. लोखंडात ठोकलेले आकडे, शेवटी ८२.

मला त्यात नवल वाटलं नाही. तिला म्हटलं, अजून घास, अजून निघतील. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्या दोघांनी ईर्षेने सगळी बाजू नागडी केली. पुढच्या साइड रॉडवर तीन नंबर निघाले. पहिल्या दोघांवर छिन्नीची आडवी रेघ होती, तिसरा सत्तेचाळीसचा. पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या क्रॉसहेडवर वेगळा नंबर, मागच्या रॉडवर आणखी वेगळा. पिस्टनचा जोर चाकाला देणारा उजवीकडचा कनेक्टिंग रॉड तेवढा सुरुवातीपासून सत्तेचाळीसचा असावा, कारण त्यावर एकच नंबर आणि तोही स्वच्छ. सत्तेचाळीस धरून सगळी मिळून सहा इंजिनं त्या एका इंजिनात निघाली.

तेवढ्यात आमचे तरुण साहेब फलकाचा मजकूर घेऊन आले. कागदावर छान भाषेत लिहिलं होतं, 'संपूर्ण भारतीय बनावटीचे, मूळ स्वरूपात जतन केलेले इंजिन.' मुलीने उत्साहाने त्यांना नंबर दाखवले. साहेबांचा चेहरा उतरला.

"म्हणजे हे इंजिन खरं नाही?"

साहेब हुशार होते, पण त्यांचं शिक्षण मोटर आणि इलेक्ट्रॉनिक्सचं. डब्ल्यूजी म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मग तिथेच पायरीवर बसून सांगितलं.

दुसऱ्या महायुद्धाने रेल्वेच्या इंजिनांचा पार खुर्दा केला होता. त्याआधीची एक्स मालिका इंग्लंडात आखलेली. त्यातल्या एक्सबी इंजिनांचं रुळावर डोलणं तर बदनामच होतं. १९३७ साली बिहारमधल्या बिहट्याला मोठा अपघात झाला, त्यानंतर त्या जातीवर चौकशी समितीच बसली. युद्धात अमेरिका आणि कॅनडातून मालगाड्यांची इंजिनं आली. दिसायला ओबडधोबड, पण दणकट आणि दुरुस्तीला सोपी. पुढच्या आखणीत तो धडा उतरला. प्रवासी गाड्यांसाठी डब्ल्यूपी आलं, ते बंदुकीच्या गोळीसारख्या नाकाचं आणि नाकावर चांदणी असलेलं. आणि १९५० पासून मालगाड्यांसाठी आमचं डब्ल्यूजी. पुढे दोन छोटी चाकं, मध्ये एकमेकांना जोडलेली आठ मोठी, मागे पुन्हा दोन छोटी. फोटो काढणारे डब्ल्यूपीपुढे गर्दी करतात. माझ्या मते देश ओढला तो डब्ल्यूजीने.

साहेबांनी विचारलं, मागे ती दोन चाकं कशाला? प्रश्न बरोबर होता. आपला कोळसा राखेचा. तो जळायला शेगडी रुंद लागते आणि रुंद शेगडी मोठ्या चाकांच्या मध्ये मावत नाही. म्हणून फायरबॉक्स मागे न्यायचा आणि त्याचं वजन पेलायला छोटी चाकं द्यायची. मोठी चाकंही डब्ल्यूपीपेक्षा लहान ठेवली, जेमतेम दीड मीटरच्या वर. वेग कमी झाला तरी चालेल, ओढ पाहिजे. बॉयलरचा दाब चौरस इंचाला २१० पौंड, सिलिंडर दोनच आणि तेही बाहेर. व्हॉल्व्हचं सगळं गियर बाहेर, उभ्या उभ्या हात पोचेल असं. मागच्या कोळसा-पाण्याच्या टेंडरसकट १७० टनांहून जास्त वजनाचं हे धूड दोन फिटर आणि चार खलाशी उघडून पुन्हा जोडू शकत.

अशी २,४५० इंजिनं झाली. सुरुवातीची ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीने केली. चित्तरंजनच्या कारखान्यात पहिलं इंजिन उभं राहिलं १९५० मध्येच, नंबर ८४०१. देशबंधू चित्तरंजन दासांवरून त्याचं नाव 'देशबंधू' ठेवलं आणि १ नोव्हेंबरला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते ते रुळावर आलं. तेव्हा बरेच सुटे भाग परदेशातून यायचे, ते हळूहळू कमी होत गेले. तरी गरज एवढी की बाहेरही मागण्या जात राहिल्या. १९५५ च्या सुमाराला अमेरिकेच्या बाल्डविन-लिमा-हॅमिल्टनकडून पन्नास आली. वाफेची इंजिनं घडवण्यात ज्या बाल्डविनचं नाव जगभर होतं, त्या घराण्याचं वाफेवरचं काम या पन्नासांनी संपलं. चित्तरंजनचं शेवटचं डब्ल्यूजी १९७० मध्ये निघालं, नंबर १०५६०, नाव 'अंतिम सितारा'. त्याच कारखान्याने १९६१ मध्ये पहिलं विजेचं इंजिन काढलं होतं, त्याचं नाव 'लोकमान्य'. म्हणजे कित्येक वर्षं एका छपराखाली वाफही घडत होती आणि वाफेचा कर्दनकाळही.

"आता एक जात आणि अडीच हजार इंजिनं," मी म्हणालो, "तर याचा रॉड त्याला बसणारच, साहेब. बसावा म्हणूनच एक जात केली. मोठ्या ओव्हरहॉलला इंजिन वर्कशॉपमध्ये गेलं की बॉयलर उतरवायचे आणि जो तयार असेल तो चढवायचे. स्वतःच्या बॉयलरची वाट बघत इंजिन उभं ठेवलं असतं तर कोळसा वीजघरांपर्यंत पोचलाच नसता. नंबर जातो तो फ्रेमबरोबर. फ्रेम सत्तेचाळीसची, म्हणून इंजिन सत्तेचाळीस."

साहेबांना पटलं असावं, पण 'मूळ स्वरूपात' या शब्दांखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली. म्हणाले, खात्रीचं कुणी आहे का?

आण्णांना बोलावलं. ते माझे मिस्त्री. वय ऐंशीच्या पुढे, मुलगा रिक्षाने घेऊन आला. आण्णांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि रॉडवरून तळवा फिरवत गेले. पुढच्या रॉडवरच्या खोडलेल्या पहिल्या नंबरापाशी थांबले. "हे अमेरिकेचं. शेडात दोन होती त्या तुकडीतली. ह्याचं टेंडर फुटलं आणि ते लवकर भंगारात गेलं. रॉड चांगला होता, काढून ठेवला." साहेबांनी कागदावरच्या 'संपूर्ण भारतीय'कडे पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत.

मग आण्णा डाव्या बाजूच्या त्या ८२ पाशी आले. तळवा पुढे-मागे फिरला. "ह्याला रेघ का नाही?"

आणि मला घाम फुटला.

१९८७, पावसाळा. सत्तेचाळीसचा डावा कनेक्टिंग रॉड वाकला होता. सिलिंडरमध्ये पाणी ओढलं गेलं की असं होतं. वाफ दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, मग जे कमजोर असेल ते वाकतं. पहाटेच्या गाडीला दुसरं इंजिन नव्हतं. ब्याऐंशी भंगाराच्या रांगेत उभं होतं, त्याचा रॉड काढायचं ठरलं. रॉड बसतो, पण तो ज्या खुंटीवर चढतो ती चाकाची क्रँकपिन प्रत्येक इंजिनाची आपापल्या परीने झिजलेली असते, म्हणून बुश नवं ओतून लेथवर त्या पिनच्या मापाने काढावं लागतं. आण्णांनी तीनदा माप घेतलं. चेन पुलीवर रॉड लटकत होता, मी खालून टॉर्च धरलेली आणि मानेत छपराचं पाणी ठिबकत होतं. चारच्या सुमाराला रॉड बसला. आण्णा म्हणाले, जुना नंबर खोड आणि सत्तेचाळीसचा पंच मार. मी आकडे ठोकायच्या पंचांची पेटी उघडली तर सात गायब. टूलरूमला कुलूप. तेवढ्यात ड्रायव्हर येऊन इंजिन घेऊन गेला. उद्या मारू म्हटलं.

आण्णांना तो 'उद्या' माझ्या चेहऱ्यावर दिसला असणार. "मारला नाहीस," ते म्हणाले. छत्तीस वर्षांनी झाडलेला तो मेमो होता.

"सात नव्हता पेटीत, आण्णा."

"मग निदान रेघ मारायचीस. रेघेला सात लागत नाही."

याला उत्तर नव्हतं. मुलगी तोंडावर हात ठेवून हसत होती. मी गाडीतून आमची डिझेलची पंचांची पेटी आणली. आकडे तीन मिलिमीटरचे, त्या रॉडवर मुंगीएवढे दिसले असते. पण सात होता. हातोडी उचलली तर साहेबांनी हात धरला. "नाही, नाही. हेरिटेजवर ठोकाठोक करता येत नाही. नियम आहे."

आण्णांनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा त्या रॉडकडे. ज्याला त्यांनी आयुष्यभर घणाने बडवलं होतं, त्याला आता तीन मिलिमीटरचा पंच चालत नव्हता. "बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले आणि सावलीत जाऊन बसले.

पंच मारला नाही. मुलीने मात्र रंग देताना सहाही नंबरांच्या खाचांत बारीक ब्रशने पांढरा रंग भरला, खोडलेल्यांच्या रेघांतसुद्धा. साहेबांनी तो बघितला आणि राहू दिला. त्यांनी पेंटरला फोनही लावला, पण फलक दुपारीच रंगवून वाळत घातला होता.