शहापूरच्या घरातली ट्यूब बदलताना

पावसाआधी आत्याच्या शहापूरच्या घरी माजघरातली चोकवाली ट्यूब काढून एलईडी पट्टी बसवली. अशा जुन्या घरात नुसतं बटण बंद करून वायरीला हात लावू नका, हे अगदी कळकळीनं सांगतो. बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या वायरीऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या वायरीवर) घेतलेलं असलं की दिवा विझतो, पण वायरीत 230 व्होल्ट तसेच राहतात. आत्याकडं तेच निघालं. बटण बंद, तरी टेस्टर पेटला.

मग मेन स्विच बंद केला. ‘आत्या, इथंच बस गं, कुणाला हात लावू देऊ नको.’ टेस्टर चालतोय हे आधी चालू सॉकेटमध्ये पाहिलं होतंच. आता दोन्ही वायरींना लावला, पेटला नाही. लाकडी शिडी घेतली.

वायरींची टोकं ठिसूळ झालेली, बोट लागलं की वरचं प्लास्टिक गळायचं. चांगली वायर लागेपर्यंत मागं कापली, सेंटीमीटरभर तांबं सोललं, कनेक्टरमध्ये स्क्रू आवळला आणि ओढून पाहिलं. उघडी तार एकही बाहेर नको. जुनी लाल वायर नव्या पट्टीच्या तपकिरी वायरीला जोडली, जुनी काळी निळीला.

भिंतीला ओल असती तर मी हे काम घेतलंच नसतं. बटण फेजवर घ्यायचं काम वायरमनकडं दिलंय.